देवश्रीची अंडी आणि कुसुमकाकूचा हंडा

रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या कुसुमकाकूला आता आठवलं की हसू आवरत नाही, पण तेव्हा तिची खात्रीच होती: वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी देवश्री चोरून ऑम्लेट करते! रोज सकाळी पोट्टी नवा रायपूरच्या बसला धावते, आणि पिशवीत दोन अंडी. वरून काकूच्याच फ्रिजमध्ये जागाही मागते. एक दिवस काकूनं तिला जिन्यातच गाठलं.

"काहून वं, आमच्या घरात अंडी?"

"खायले नाही, काकू. लॅबमध्ये अंड्याच्या पांढऱ्यात सोनं मिसळतो आम्ही."

"सोनं? मले येडी समजून राहिली का?"

देवश्रीनं तिला खोलीत नेलं, एका बाटलीवर नोटा तपासतात तसला जांभळा दिवा धरला. पिवळट पाणी निखाऱ्यासारखं लाल पेटलं. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक सोन्याचे कण ते. पाण्यात पारा मिसळलेला असला की त्यांची चमक विझते, म्हणाली.

पारा म्हणजे विष, एवढं काकूला ठाऊक होतं. घरच्या बोरच्या पाण्याला महिनाभर कसलासा वास येत होता, आणि सून निधीला सहावा महिना. तेच पाणी पीत होती ती. काकू धावत जाऊन वाटीभर पाणी घेऊन आली. देवश्रीनं त्यातले चार थेंब बाटलीत टाकले, दिवा धरला.

लाल विझलं.

काकूनं मुलाला, शिशिरला, फोन लावला, कापला, पुन्हा लावला आणि "पोळ्या किती करू?" एवढंच विचारून ठेवून दिला. खाली निधी पाण्याचा ग्लास भरत असल्याचा आवाज आला. "नको पिऊ!" काकू जिन्यातून ओरडली. काहून, ते मात्र सांगता येईना.

देवश्री वाटीकडे पाहत होती. "पाणी कशातून आणलं, काकू?"

"हंड्यातून. तांब्याच्या. आत्ताच चिंचेनं लख्ख घासला."

"मग किती पाण्यानं धुतला?"

काकूनं एक बोट दाखवलं. एकाच पाण्यात उरकायची तिची खोड साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक.

"तांब्यानंही चमक विझते. चिंचेनं सुटलेलं तांबंच असेल ते."

आता काचेच्या ग्लासात थेट बोरचं पाणी, नवी बाटली. काकूनं डोळे गच्च मिटले.

"बघा."

लाल. तस्संच लाल.

"पुन्हा कर."

तीनदा केलं, तीनदा लाल.

"पारा नाही दिसत. वासासाठी उद्या मोठ्या मशीनवर तपासते. तोवर निधीले बाहेरचं पाणी. अन् हंडा तीनदा धुवा."

"हव."

"अन् फ्रिज? दारात अंड्यांचे खळगे आहेत, काकू. तुम्ही त्यात लिंबं ठेवता."

"लिंबं तिथंच राहतात! आजवर..."

काकूनं लाल चमकणाऱ्या बाटलीकडे पाहिलं. मग उठून खाली गेली आणि एकेक लिंबू काढून टोपलीत टाकू लागली.