काठी सिद्धरामाची, कंबर माणसाची

देवाची काठी पेलणाऱ्या माणसालाच देव असा आडवा पाडणार असेल, तर सेवा करायची तरी कुणी आणि कशाला? मागच्या संक्रांतीनंतर हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मी सिद्धरामेश्वराला हाच प्रश्न विचारत होते. विचारत कसली, भांडत होते. मी मुळातच फटकळ; देवापुढंही माझी जीभ आवरत नाही. आमचे मालक सोलापुरात सिद्धरामाच्या संक्रांतीच्या यात्रेत, गड्ड्याच्या यात्रेत, नंदीध्वज पेलतात. उंचच उंच, वजनदार काठी. कमरेला पट्टा बांधून, त्यात तिचा बुंधा टेकवून, तोल सांभाळत मिरवणुकीत चालायचं. यात्रेआधी कितीतरी दिवस सराव चालतो. त्यातून मालकांचा स्वतःचा नेम असा, की काठीच्या सेवेत असताना पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. दमलात का म्हणून विचारलं, की उत्तर ठरलेलं. "काठी सिद्धराम उचलतो गं. आपण निस्ता हात लावायचा."

यात्रा पार पडली आणि त्यांनी अंथरूण धरलं. अन्न दिसलं की उलटी, पाय टम्म सुजलेले, लघवी जवळजवळ बंद. आम्ही आपलं शिणवटा समजून ताक पाजत बसलो. चेहराही सुजायला लागला तेव्हा माझं धाबं दणाणलं आणि रिक्षात घालून त्यांना हॉस्पिटलात नेलं. दोन्ही किडन्या बंद पडल्यात, डॉक्टर म्हणाले. त्याच दिवशी मशीनला लावलं, डायलिसिसला. कालपर्यंत काठी पेलणारा माणूस नळ्यांमध्ये अडकून पडलेला बघवत नव्हता हो.

डॉक्टर माझ्या माहेरच्या बाजूचे, मंद्रूपकडचे. परदेशात किडनीचं शिकून परत सोलापुरात आलेले. परदेशातल्या त्या हॉस्पिटलशी त्यांनी नातं तोडलं नव्हतं. तिकडचे डॉक्टर कॉम्प्युटरच्या पडद्यावर येऊन इथल्या पेशंटविषयी बोलायचे, आणि बाहेरच्या देशांतल्या नर्स आमच्या डॉक्टरांकडं काम शिकायला यायच्या. त्यांनी मला पलंगाशेजारी बसवून सांगितलं, "किडन्यांचा आकार चांगला आहे, म्हणजे दुखणं जुनं वाटत नाही. पण एव्हाना सुधारणा दिसायला हवी होती, ती दिसत नाही. कशानं बिघडल्या तेच कळत नाही. काही औषधं घेत होते का?"

मी ठासून म्हटलं, "न्हाय हो सर. साधी तापाची गोळी घेत न्हाईत ते." पलंगावर मालकांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, थकलेत.

फरक पडला नाही, तर हातावर एक छोटी शस्त्रक्रिया करून मशीनसाठी कायमची सोय करू, असं डॉक्टर म्हणाले. कायमची! म्हणजे जन्मभर आठवड्यातून दोन-तीनदा ह्या पलंगावर यायचं. पेंड-सरकीचं दुकान, पोरींची शिक्षणं, सगळं डोळ्यांपुढं गरगरलं. मी कळवळून सिद्धरामाला म्हटलं, तुझी काठी उचलली त्याचा हाच प्रसाद का रे बाबा?  

दुसऱ्या दिवशी दुपारी एक नवीनच नर्स त्यांचं अंग पुसायला आली. नेपाळची, बारीक डोळ्यांची, हसऱ्या तोंडाची पोर. शिकायला आलीय म्हटल्यावर माझं टाळकंच सरकलं. "शिकायचं असेल तर दुसऱ्याच्या नवऱ्यावर शिक गं बाई," म्हणून मी तिला मराठीत चांगलं खडसावलं. तिला शब्द कळले नसतील, आवाज कळला असेल. पण तिचा हात थांबला नाही. आमच्या डॉक्टरांची शिकवण अशी, की कागदावरच्या आकड्यांआधी माणसाचं अंग बघा, तो काय काम करतो ते विचारा. तिनं त्यांना कुशीवर वळवलं आणि कमरेवरचा पट्ट्याचा काळानिळा वळ तिला दिसला.

"दीदी, ये निशान कैसा?" तिनं हिंदीत विचारलं.

मी अभिमानानं सांगितलं, देवाची काठी पेलतात. तिनं त्या वळावरून हलकेच बोट फिरवलं. मग म्हणाली, "हमारे पहाड़ में भी लोग बहुत बोझ उठाते हैं. कमर दुखती है तो दर्द की गोली खाते हैं, रोज़. पानी भी कम पीते हैं. फिर किडनी खराब. ये भी खाते थे क्या?"

माझा पारा चढला. "ह्ये हमाल न्हाईत! देवाची सेवा हाय ती. गोळ्या कशाला खातील?" पण बोलता बोलता माझी नजर मालकांकडं गेली. डोळे मिटलेलेच होते, पण त्यांचा हात उशीखाली सरकत होता. उशीखाली त्यांचा विभूतीचा बटवा होता. तो बटवा ते कधी कुणाच्या हाती देत नाहीत. मीही कधी शिवले नव्हते. त्या दिवशी मी तो ओढून घेतला आणि उघडला. विभूतीच्या वडीखाली गोळ्यांची पाकिटं होती. बरीच रिकामी झालेली.

"अवो, ह्ये काय?"

"कंबर लई दुखत हुती गं," ते पुटपुटले. "काठी धरणाऱ्यानं दुखतंय म्हणायचं असतंय व्हय? लोक काय म्हणतील, सिद्धराम काय म्हणंल? आज सकाळीबी एक घेतली. ही खाट टोचत्या कमरंला."

म्हणजे डॉक्टर एका हातानं सुधारत होते आणि हा माणूस दुसऱ्या हातानं बिघडवत होता! मला संतापही आला आणि रडूही फुटलं. ती पोर मात्र धावत डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी पाकिटं बघितली, तिच्या पाठीवर थाप मारली आणि मला म्हणाले, "कारण सापडलं. आता हातावरची शस्त्रक्रिया थांबवू. किडन्या जाग्या होतील का, ते मात्र आत्ताच सांगता येत नाही. वाट बघायची."

ती वाट बघणं फार वाईट. मशीन चालूच होतं, आणि रोज सकाळी लघवीचं भांडं जवळजवळ कोरडंच. एका दुपारी मी न राहवून तळ्यातल्या सिद्धरामाच्या देवळात गेले. नेहमी काहीतरी नवस घेऊन जाते, त्या दिवशी काही सुचलंच नाही. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. नुसती टेकून बसले आणि म्हटलं, "आता तूच बघ बाबा. माझ्यानं उचलत न्हाय." आयुष्यात पहिल्यांदा मी देवापुढं थकल्याचं कबूल केलं असेल. उलट हलकं वाटलं, ह्याचंच नवल वाटलं.

परत आले तर व्हरांड्यात ती नेपाळी पोर समोरून येत होती. हातात मापाचं भांडं, आणि भांड्यात पिवळं पाणी. किडन्या जाग्या झाल्या होत्या. मी चप्पल काढली आणि तिथंच त्या लघवीच्या भांड्याला हात जोडले. हसा हवं तर. तीर्थाच्या पळीपुढंसुद्धा मी इतक्या मनापासून कधी वाकले नाही. पोरीनं भांडं खाली ठेवलं आणि मला मिठी मारली. पशुपतिनाथाच्या मुलखातली पोर सिद्धरामाच्या गावात मशीन शिकायला येते आणि नेमकी आमच्याच पलंगाशी उभी राहते, ह्याला काय म्हणायचं ते मी ठरवत बसत नाही. आमच्या डॉक्टरांना परदेशात कुणीतरी शिकवलं, त्यांनी तिला शिकवलं, तिनं आम्हाला वाचवलं. ती परत गेली तेव्हा मी तिच्या कपाळाला विभूती लावली.

हळूहळू मशीन सुटलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, दुखण्याच्या गोळीला हात लावायचा नाही आणि पाणी कधी तोडायचं नाही. यंदा मालकांनी काठी पेलली नाही. पण सरावाच्या जागी पाण्याचा हंडा भरून बसले आणि येईल त्याला तांब्या पुढं करून विचारू लागले, "कंबर दुखत्या का रं? दुखत आसंल तर बोल. चोरून गोळी गिळू नगंस. काठी सिद्धराम उचलतो, पर कंबर आपली हाय. दुखतंय म्हणून सांगितल्यानं सेवा बाटत न्हाय."

बाकीचे हसले. पण काठी पेलणारा एक जुना गडी, उभ्या जन्मात कधी हूं की चूं न केलेला, तांब्या रिकामा करून खाली बसला आणि म्हणाला, "लई दुखत्या, मालक."

त्याची काठी दुसऱ्यानं घेतली. ती काही पडली नाही.