अर्ध्या डोसाचे काका

डॉक्टरकाकांच्या घरी चहा नेहमी अर्धा कप मिळायचा. तो संपला की दुसरा अर्धा. पोळीसुद्धा अर्धीच वाढायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मनात म्हटलं, बाई गं, इतकं मोठं घर आणि काय हा कद्रूपणा! चौथ्या अर्ध्या कपानंतर मीच नको नको म्हणायला लागले, तेव्हा काका हसले. म्हणाले, "अर्धं दिलं की अजून हवंय का, हे विचारावं लागतं. पूर्ण भरून दिलं की माणसाकडे कोण बघतंय?"

काका भूलतज्ज्ञ होते. लीड्समधल्या एका हॉस्पिटलात त्यांनी तीस वर्षं माणसं झोपवली आणि मुख्य म्हणजे पुन्हा उठवली. तिथल्या नर्सेस त्यांना 'डॉक्टर हाफ' म्हणत, कारण ते औषध थोडं देत, थांबत, पेशंटच्या चेहऱ्याकडे बघत आणि मग उरलेलं देत. घाई करणाऱ्या सर्जनलाही ते हळू आवाजात सांगत, "पेशंटला झोपवायचंय, बुडवायचं नाहीये." त्यांचा आवाज इतका हळू असायचा की समोरच्याला आपोआप गप्प बसावं लागे.

असा माणूस रविवारी सकाळी बंदूक घेऊन बाहेर पडतो हे कळलं तेव्हा मी उडालेच. गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत एक शूटिंग क्लब होता, त्याचे काका जुने मेंबर. इथे इंग्लंडात साधं पिस्तूल बाळगता येत नाही. काकांचं होतं ते कायद्यात बसणारं लांबलचक मॅग्नम रिव्हॉल्वर. पुढे हातभर नळी, मागे शेपटीसारखा दांडा. बघून भीतीपेक्षा हसूच जास्त यायचं. "फॉर्मवर स्वसंरक्षण असं कारण लिहिलं ना, की लायसन्स मिळत नाही," काका सांगायचे. "माझं कारण कागदाला भोकं पाडणं. तीस वर्षं कुणाला टोचलं तर त्याची काळजी करत बसलो. कागदाला दुखत नाही."

खंडेनवमीला मात्र ते पाटावर आपला लॅरिंगोस्कोप ठेवायचे, घशात नळी घालताना वापरायचा तो. काकू दरवर्षी म्हणायच्या, "अहो, ती बंदूक ठेवा की. घरात खरं शस्त्र तेच." काका दरवर्षी तेच उत्तर देत, "ते खेळणं आहे. ज्याच्यावर पोट भरलं ते इथे ठेवायचं." आणि लॅरिंगोस्कोपला हळद-कुंकू लावून नमस्कार करायचे.

माझी थोरली बहीण टेक्सासला असते. दोन वर्षांपूर्वी ती कामावर असताना तिच्या घरात चोर शिरले. फारसं काही गेलं नाही, पण झोप गेली. भाऊजी महिन्यातले पंधरा दिवस टूरवर. त्यांनी यावर तोडगा म्हणून दुकानातलं छोटं पण सगळ्यात दणकट मॅग्नम रिव्हॉल्वर आणलं आणि त्यात सगळ्यात जोरदार काडतुसं भरली. घ्यायचं तर मोठंच घ्यायचं, हा आमच्याकडचा रोगच आहे. तीन माणसांना सात लिटरचा कुकर, तसं हे. ताईने सरावाला एक गोळी झाडली, मनगट धरलं, कानात दोन दिवस शिट्टी वाजली, आणि रिव्हॉल्वर कुलुपाच्या पेटीत गेलं. त्यानंतर तिला बाहेरच्या चोराची भीती होतीच, वर पेटीची बसली. भाऊजी नसले की लेकीला घेऊन ती मैत्रिणीकडे झोपायला जायची. स्वतः लावलेल्या कढीपत्त्याचं, लिंबाचं ते घर. ते विकायला निघाली होती.

त्याच सुमारास ती माझ्याकडे तीन आठवडे राहायला आली. काकांकडे जेवायला गेलो तेव्हा तिने सगळं सांगितलं. मला वाटलं, काका बंदुकीबद्दल बोलतील. त्यांनी ऑपरेशनच्या आधी विचारतात तसं विचारायला सुरुवात केली. मनगट पूर्वी कधी दुखावलं होतं का? चष्म्याशिवाय किती दिसतं? लेक कुठल्या खोलीत झोपते? मधली भिंत कसली आहे?

"काका, भिंतीचं काय?" ताई वैतागली.

"तिकडच्या भिंती म्हणजे पुठ्ठा. छोटी असो, मोठी असो, चुकलेली गोळी पलीकडे जाते. म्हणून आधी चुकायचं नाही. आणि त्याच्याही आधी, लेकीला आपल्या खोलीत घ्यायचं, दार लावायचं, फोन करायचा. बंदूक सगळ्यात शेवटी."

"पण मला ती झेपतच नाही हो. माझ्यात दमच नाही."

"दम कशाला हवाय? तुला डोस जास्त झालाय," काका म्हणाले आणि तिच्या ताटात अर्धी पोळी वाढली.

क्लबचा पाहुण्यांसाठीचा दिवस होता, त्या रविवारी ते आम्हा दोघींना घेऊन गेले. भुरभुर पाऊस, कानांवर जाड हेडफोन, आणि सेक्रेटरी मार्गारेट प्रत्येकाला "ऑल राइट, लव्ह?" विचारत हिंडत होती. काकांनी ताईला आधी जोरदार काडतुसं दिली. सगळ्या गोळ्या कागदाच्या खाली मातीत. मग त्यांनी पाठ करून पुन्हा गोळ्यांची चक्री भरली आणि रिव्हॉल्वर तिच्या हातात दिलं. दोन आवाज झाले. तिसऱ्या वेळी नुसतं 'टक' झालं, आणि नळीचं तोंड वीतभर खाली आपटलं. काकांनी मध्येच एक वापरलेलं, रिकामं काडतूस घातलं होतं.

"बघितलंस? गोळी नव्हती. तरी हात हलला," काका हळूच म्हणाले. "तू धक्क्याला घाबरत नाहीस. धक्का येणार म्हणून घाबरतेस. माझे पेशंटही सुईच्या आधीच ओरडायचे."

मग त्यांनी खिशातून दुसरी डबी काढली. त्याच चक्रीत बसणारी, पण आखूड आणि सौम्य काडतुसं, थर्टी-एट स्पेशल म्हणतात ती. ताईने चाप ओढला आणि चकित होऊन वळून बघायला लागली, तशी मार्गारेट ओरडली, "फेस द फ्रंट, लव्ह!" सहापैकी चार भोकं कागदावर. पुढच्या फेरीला सहा. ती भोकं बघून माझी चाळिशीची ताई तिथेच रडली.

"माझं हे अवजड आहे, म्हणून कमी उसळतं. तुझं छोटं जास्त उसळेल," काका म्हणाले. "घरी गेलीस की तुझ्याच बंदुकीतून तीन-चार प्रकारची सौम्य काडतुसं झाडून बघ. डबीवरचं नाव वाचू नकोस, कागदावरची भोकं बघ. ज्याच्यानंतर दुसरी गोळीही तिथेच लागते, तो तुझा डोस. मोठ्या आवाजाने चुकण्यापेक्षा लहान आवाजाने लागलेलं बरं." निघताना त्यांनी ते रिकामं काडतूस तिच्या हातावर ठेवलं.

ताई परत गेली आणि त्यांनी सांगितलं तसंच तिने केलं. भाऊजी म्हणाले, "इतकी दणकट घेऊन तिच्यात बारकी काडतुसं?" ती म्हणाली, "सात लिटरच्या कुकरमध्ये वाटीभरच भात लावतो की आपण." घर विकायचा विचार मागे पडला.

मला मात्र त्या दगडखाणीची गोडी लागली. मी रीतसर मेंबर झाले आणि रविवारी काकांच्या गाडीत बसून जायला लागले. या वसंतात एका सकाळी ते म्हणाले, "मनू, आज तू भर. एक रिकामं घाल, मला सांगू नकोस." मी घातलं. त्यांनी नेहमीसारखा श्वास सोडला, चाप ओढला. चौथ्यांदा 'टक' झालं आणि नळी थरथरत खाली गेली. जरासं नाही, चांगलं दिसण्याइतकं.

काकांनी चक्री उघडली, रिकामी केली, नियमाप्रमाणे मला दाखवली आणि खाली ठेवली. मग माझ्याकडे बघत राहिले. मी मार्गारेटकडे बघत होते, पावसाकडे बघत होते.

"सांग," ते म्हणाले. "ताईला मी सांगितलं होतं तेच."

"काका, आज थंडी आहे."

"मनू."

"गोळी नव्हती," मी म्हटलं. "तरी हात हलला."

"हं. आता थांबायचं." एवढंच बोलले. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःहून पोलिसांना पत्र लिहिलं आणि बंदूक, लायसन्स दोन्ही परत केली. कुणी मागितलं नव्हतं. हात कुठल्या आजाराने हलत होते ते नंतर डॉक्टरांनी सांगितलं. काकांना ते महिनाभर आधीच ठाऊक होतं. माझ्याकडून त्यांना फक्त खरं ऐकायचं होतं. ते मी लगेच बोलू शकले नाही, याची मला अजून लाज वाटते.

पावसाळी उन्हाळा संपता संपता त्याच आजारात काका गेले. शेवटच्या दुपारी काकूंनी चमच्याने चहा पाजला. दोन चमच्यांवर ते थांबले. काकूंनी विचारलं, "अजून हवाय?" त्यांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं, आणि मग बराच वेळ आमच्या चेहऱ्यांकडे बघत राहिले.

खंडेनवमीला ताईने टेक्सासहून फोटो पाठवला. पाटावर तिचा लॅपटॉप, बागेतली कात्री, आणि मधोमध हळद-कुंकू लावलेलं ते रिकामं काडतूस. रिव्हॉल्वर कुठेच नव्हतं. मी फोन केला तर म्हणाली, "ते पेटीत आहे गं. ज्याच्यामुळे या घरात झोप लागते, ते पाटावर ठेवलंय."