सीडी-एट कुठे गेल्या?

"पुन्हा लाव," लॅबचे प्रमुख सर म्हणाले. "अँटिबॉडी खराब झाली असेल."

मीरा रोडच्या आमच्या लॅबमध्ये फ्लो सायटोमेट्रीच्या खोलीत मी एकटीच बसते. रक्तातल्या पेशींना रंगीत अँटिबॉडी लावायच्या, लेझरसमोरून एकेक पेशी सोडायची आणि कुठल्या प्रकारच्या किती ते मोजायचं. दिवसभर बोलायला मशीनच.

सॅम्पल उत्तनच्या एका तान्ह्या मुलीचं होतं. न्यूमोनिया तिची पाठ सोडत नव्हता. टी पेशींचा, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, एकूण आकडा ठीक होता. पण त्यांतल्या सीडी-एट, म्हणजे व्हायरस शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या, जवळजवळ नव्हत्याच.

तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त लागतं. आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून माझंच काढलं. त्यात सीडी-एट व्यवस्थित दिसल्या.

"सर, अँटिबॉडी चांगली आहे."

"मग उरलेल्या पेशी काम करतायत का बघ."

बघितलं. कितीही डिवचलं तरी ढिम्म.

टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात. तिथे त्यांची शरीराच्याच प्रोटीनच्या तुकड्यांशी गाठ पडते. पेशीच्या आत फार जोराचा सिग्नल गेला तर ती मारली जाते, नाहीतर पुढे आपल्यावरच उलटेल. सिग्नल गेलाच नाही तरी मरते. हलका गेला तर जगते. या मुलीत सिग्नल पुढे नेणारं प्रोटीनच नसावं, असा मला संशय आला. सीडी-एट थायमसमध्येच संपल्या असणार. सीडी-फोर, म्हणजे इतर पेशींना मदत करणाऱ्या, थायमसमध्ये दुसऱ्या एका प्रोटीनच्या आधाराने तगून बाहेर आल्या, पण निकामी. पुढे जीन टेस्टमध्ये तेच निघालं.

तिच्या डॉक्टरांनी वडिलांना माझ्याकडे समजून घ्यायला पाठवलं.

"बाई, पेशी हायत का न्हाय?"

"आहेत. पण काम करत नाहीत. बोन मॅरो बदलावा लागेल. तोवर तिला वेगळं ठेवा. आईशिवाय कोणी जवळ नको."

"तिचा भाऊस पन न्हाय?"

"नाही."

 चहा विचारावा म्हणून मी उठले, तोवर ते निघून गेले होते.

मॅरो भावाचाच जुळला आणि तिला चढवला. पुढच्या वर्षी तिचं सॅम्पल पुन्हा आलं. स्क्रीनवर सीडी-एटच्या ठिपक्यांचा दाट पुंजका. मी वळून पाहिलं. सांगायला कोणी नव्हतं. सर घरी गेले होते. मग तिच्या वडिलांनाच फोन लावला.

"आज भावानं उचलून घेतलीय तिला," ते म्हणाले. मागे दोन पोरांचा गोंगाट चालू होता. मी उगाच जरा वेळ फोन धरून ठेवला.

लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या नव्या लोकांना मी एवढंच सांगते: एकूण आकडा नॉर्मल दिसला, तरी त्यात कोण नाही ते बघा.