तीन घरांची बेगमी

धान्य साठवायला डबे लागतात, ऊन लागतं, कोरडे हात लागतात. किस्से साठवायला काहीच लागत नाही. ते आपोआप साठतात, त्यांना कीड लागत नाही, आणि जुने झाले की उलट जरा फुगतात! मी सांगणार आहे ते फारसे फुगलेले नाहीत, एवढी हमी देते.

आधी माणसं सांगते. मी विमा कंपनीत आहे, म्हणजे संकट हा माझा रोजचा विषय. नवरा मुकुंद बँकेत. दोघांची बदली कोलकात्याला झाली आणि आम्ही बेहालात तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वसुधाताई आणि दिनकरराव, इथेच ओळख झालेलं मराठी जोडपं. आणि वर, शहराच्या उत्तरेला, बराकपूरला नलूकाकू. काकू आमच्यासारख्या बदलीच्या नव्हेत. जन्म इथलाच, आयुष्यभर भूगोल शिकवला तोही इथल्याच शाळेत. काका गेल्यापासून एकट्या राहतात, मुलगा पुण्याला असतो. त्यांचं मराठी अस्सल आहे, फक्त चिडल्या की बंगालीत चिडतात.

हे सगळं सुरू झालं त्या मोठ्या वादळाने.

*

वादळ रात्रभर घोंघावलं आणि सकाळी बघतो तर आमच्या गल्लीत झाडं आडवी, तारा लोंबतायत, वीज नाही, पंप बंद म्हणून पाणी नाही. दुकानं उघडायला बरेच दिवस लागले. आमच्याकडे पोळ्यांपुरती कणीक होती, शेवयांचं एक पाकीट होतं आणि लोणची मात्र पाच प्रकारची! मुकुंद म्हणाला, "लोणच्याला तोंडी लावायला काही आहे का?"

वसुधाताई मात्र तयारीच्या. त्यांचा डीप फ्रीझर गच्च भरलेला होता. मटार, आमरस, पनीर, किसलेलं खोबरं. सगळं 'वेळप्रसंगी' म्हणून ठेवलेलं. प्रसंग आला तो वीजच घेऊन गेला. दुपारपर्यंत फ्रीझरमधून पाणी वाहायला लागलं. ताईंनी मोठ्ठं पातेलं चढवलं, सगळ्या मटारची उसळ केली आणि अख्ख्या क्वार्टर्सना वाटली. वर वाटीभर आमरस. लोक विचारत होते, "आज पूजा आहे का?"

संध्याकाळी रिकाम्या फ्रीझरकडे बघत दिनकरराव म्हणाले, "संकटासाठी ठेवलं होतं. संकटाने पहिल्याच दिवशी खाल्लं!"

*

त्यानंतर नलूकाकूंनी आम्हा दोन्ही घरांना बराकपूरला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "आमच्या लहानपणी वर्षाची बेगमी व्हायची. तुम्ही निदान तीन महिन्यांची करा. डाळ, तांदूळ, पीठ, गूळ, मीठ, तेल. पण एक ध्यानात ठेवा, हे पुणं नव्हे. इथली हवा पापडालासुद्धा पोहायला शिकवते."

तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायचं, तांदळाला बोरिक पावडर, डब्यात कडुलिंबाचा पाला. सगळं नीट समजावलं. मी ऐकत होते, मुकुंद चहा पीत होता. तरी घरी आल्यावर म्हणाला, "डब्यांचं खातं माझ्याकडे!"

त्याने तुरीच्या डाळीला एरंडेल चोळलं. हात तेलकट होतेच, म्हणून शेजारच्या पोह्यांनाही चोळलं. सढळ हाताने!

महिन्याभराने बँकेतले एक साहेब सकाळी घरी आले. मूळचे नागपूरचे, पोह्यांना भुकेलेले. मी तेच पोहे केले. मला काय माहीत! साहेब म्हणाले, "वहिनी, पोहे फार मऊ झालेत हो," आणि दुसरी बशी घेतली.

दुसऱ्या दिवशी ते बँकेत आले नाहीत. मुकुंदने काळजीने फोन केला. साहेब म्हणाले, "यायला निघतो, पण जिन्यापर्यंतच पोचतो."

*

आमच्या समोरच्या दारात घोषालबाबू राहतात. रिटायर्ड आहेत. रोज सकाळी पिशवी घेऊन बाजारात जाणं हे त्यांचं देवदर्शन. माशाचे कल्ले उघडून बघायचे, वांग्याला बोटाने टिचकी मारायची, आणि एका वेळेला लागेल तेवढंच आणायचं.

आमच्याकडे तांदळाची पोती वर चढताना पाहून ते चप्पल न घालताच बाहेर आले. "बौदी, घरात लग्न आहे?" बौदी म्हणजे वहिनी.

म्हटलं, नाही दादा, तीन महिन्यांची साठवण.

त्यांनी एका पोत्याला बोटाने टिचकी मारली. मग अगदी मनापासून, काळजीच्या सुरात म्हणाले, "पण बौदी, तीन महिन्यांनी आपल्याला काय खावंसं वाटेल, ते आज कसं कळणार?"

विम्यात एवढी वर्षं काढली. या प्रश्नाची पॉलिसी अजून निघालेली नाही.

*

दिनकररावांची साठवण म्हणजे प्रदर्शन होतं. सगळे डबे एका मापाचे, प्रत्येकावर चिठ्ठी, आणि मांडणी अशी की रेल्वेचं टाइमटेबल वाटावं. आम्हाला आणि काकूंना मुद्दाम बघायला बोलावलं. पडदा बाजूला करावा तसं त्यांनी कपाट उघडलं.

काकूंनी चष्मा लावून सगळं बघितलं. "छान. शिजवणार कशावर?"

"इंडक्शनवर. या कपाटाला जागा हवी म्हणून गॅसची कटकटच काढून टाकली आम्ही!"

"आणि वीज गेली की?"

दिनकररावांनी ताईंकडे बघितलं. ताईंनी कपाटाकडे बघितलं.

काकू म्हणाल्या, "मग हे तांदूळ कुठले, या अक्षता आहेत. वाटा सगळ्यांना, टाकू तुमच्यावर!"

त्या दिवसापासून तिन्ही घरांत सातूचं पीठ, कुरमुरे, शेंगदाणे, मेतकूट यांना वरचा कप्पा मिळाला. चूल लागत नाही असं काहीतरी घरात हवंच, हे काकूंचं म्हणणं. आणि दिनकरराव मुकाट्याने एक छोटी शेगडी घेऊन आले.

*

साठवण झाली, पण ती पुरते का हे कसं कळणार? वसुधाताईंनी सराव काढला. एक आठवडा बाजारात पाऊल टाकायचं नाही, घरी काही मागवायचं नाही. फक्त साठ्यातलं खायचं.

सुरुवात झकास झाली. पिठलं, मुगाची खिचडी, कुळथाचं पिठलं. मग पुन्हा पिठलं. मुकुंदला संध्याकाळी फिरायला जायची फार गोडी लागली. एरवी लिफ्ट बंद असली की घरी बसणारा माणूस!

एक दिवस ताईंचा फोन आला. "काय गं, बेहालात रेल्वेचं काय काम निघालंय? हे रोज ऑफिसमधून तिकडे जातात. मीटिंग म्हणतात."

मी पायात चपला घातल्या आणि खाली उतरले. ट्राम डेपोच्या बाजूला एक कचोरीचं दुकान आहे. तिथे फुटपाथवर दोघं उभे. हातात पानाचे द्रोण, बटाट्याची रस्सा भाजी, तोंडं भरलेली. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून दिनकरराव गार्डन रीचहून बेहालाला आले होते, आणि भेटला तो मुकुंद! पहिल्या दिवशी दोघं दचकले असतील. नंतर वेळ ठरवूनच येत असावेत.

मी म्हटलं, "बाजारात जायचं नाही ठरलं होतं ना?"

मुकुंदला ठसका लागला. दिनकररावांनी मात्र शांतपणे घास गिळला. "वहिनी, बाजारात कुठे आलोय? हा फुटपाथ आहे."

मी विचारलं, "गरम आहेत का?"

*

आम्ही सगळ्या संकटांचा विचार केला होता. वादळ, पूर, बंद, आजारपण. एक राहिलंच. बदली!

दिनकररावांची ऑर्डर आली. सामान नेणाऱ्यांनी सांगितलं की धान्य, तेल वगैरे घेणार नाही. ताईंच्या घरात तीन महिन्यांचा साठा, आणि हातात मोजके दिवस. मग जे काही सुरू झालं! अनारसे, चकल्या, पुरणपोळ्या, साबुदाण्याचे वडे. सकाळी बेसनाचे लाडू, संध्याकाळी बेसनाची वडी. आम्हाला फोन यायचा, "भुकेले या." घोषालबाबूंनासुद्धा मी दोनदा घेऊन गेले. ते पुरणपोळी खाऊन म्हणाले, "हे साठवण्यासारखं आहे."

निघायच्या दिवशी ताई रिकाम्या कपाटासमोर उभ्या राहिल्या आणि रडल्या. म्हणाल्या, "एवढं जमवलं, आणि एकदाही खरी गरज पडली नाही गं." मी म्हटलं, ताई, गरज पडली नाही हे चांगलंच की. त्या म्हणाल्या, "ते कळतंय. तरी."

नव्या गावी पोचल्यावर त्यांचा फोन आला. आवाज एकदम टवटवीत!

"अगं, इथल्या क्वार्टरचं कपाट उघडलं तर आतमध्ये डबे! तांदूळ, डाळ, गूळ. आधीच्या बाईंनी ठेवून दिलंय. शेजारणीकडून नंबर घेऊन आभार मानायला फोन केला, तर त्या म्हणाल्या, 'अहो, डाळ तेवढी माझी. तांदूळ माझ्या आधीच्या बाईंचे!'"

*

आता शेवटचा. हा मी सगळ्यांना सांगत नाही.

मागच्या पावसाळ्यात असा काही पाऊस कोसळला की बराकपूरला नलूकाकूंच्या गल्लीत कमरेइतकं पाणी भरलं. गाड्या बंद. काकूंचा फोन लागेना. पुण्याहून त्यांच्या मुलाचे, अजितचे, मला फोनवर फोन. "ताई, आईचं काही कळलं का? ती एकटी आहे हो." मला ऑफिसात काम सुचेना. मुकुंद नुसता गाड्यांची चौकशी करत बसायचा.

सियालदा स्टेशनातून गाड्या सुरू झाल्या त्या सकाळी आम्ही दोघं निघालो. आमच्या साठ्यातलं सुचेल ते दोन पिशव्यांत भरलं. बराकपूरला उतरून पुढे गुडघाभर पाण्यातून चाललो. मुकुंदने पिशव्या डोक्यावर घेतल्या होत्या. काकूंच्या घराचं दार सताड उघडं दिसलं, आणि मी पाण्यातून पळतच सुटले.

वरून माणसांचा आवाज येत होता. जिना चढलो तर वरच्या खोलीत पंगत बसलेली! गल्लीतल्या तळमजल्यांवरची सगळी घरं काकूंनी वर घेतली होती. चुली पाण्यात गेल्या होत्या कुणाकुणाच्या. काकूंचे सगळे डबे बाहेर निघालेले, झाकणं उघडी, बहुतेक रिकामे. एका कोपऱ्यात त्यांच्या शेगडीवर मोठं पातेलं. खिचडी. काकू भिंतीला टेकून पानावर बसलेल्या. "आलात? पाय धुवा आणि बसा."

एवढंच! मला रडूच फुटलं. मुकुंदच्या डोक्यावर पिशव्या तशाच.

आता एक सांगायला हवं. काकू शाकाहारी. नुसत्या शाकाहारी नव्हेत, कडक. मासे खाणाऱ्या या शहरात सगळा जन्म काढला, पण अंड्याचा केकसुद्धा चालत नाही. सगळ्या गल्लीला हे माहीत. दिदिमणींच्या दारावरून मासेवालासुद्धा न ओरडता पुढे जायचा. शाळेतल्या बाईंना इथे दिदिमणी म्हणतात, आणि ती अर्धी गल्ली काकूंकडे भूगोल शिकलेली.

शेजारी शिबानी राहते. नवरा गेलेला, शिवणकाम करते. तिचं मशीन, कापड, भांडीकुंडी, सगळं पाण्याखाली गेलं होतं. त्या दिवशी ती पाण्यातून कुठूनतरी एक इलिश मासा मिळवून, कुणाकडेतरी तळून घेऊन आली. इतके दिवस दिदिमणींचं खाल्लं, आपण काहीच दिलं नाही, हे तिच्या मनात असणार. पंगतीत प्रत्येकाच्या खिचडीवर तिने तळलेला तुकडा वाढायला सुरुवात केली. मुलं खूश झाली. कुणीतरी काहीतरी विनोद सांगत होतं. आणि त्या गडबडीत, ओळीने वाढता वाढता, तिने काकूंच्याही पानात एक तुकडा वाढला.

विनोद अर्धाच राहिला. शिबानीच्या लक्षात आलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "दिदिमणी, चूक झाली. मी पान बदलते, दिदिमणी..."

काकूंनी पानाकडे बघितलं. मग शिबानीकडे. मग शेजारी बसलेल्या लहान मुलीला बंगालीत विचारलं, "याचे काटे कसे काढतात गं? मला शिकव."

त्या मुलीने शिकवलं. आम्ही सगळे आपापल्या पानात बघून जेवलो.

जेवणं झाली. तेवढ्यात मुकुंदच्या फोनवर अजितचा फोन आला. मुकुंदने फोन काकूंच्या हातात दिला. अजितचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "आई! तू बरी आहेस ना? इतके दिवस खाल्लंस तरी काय?"

काकूंच्या पानाच्या कडेला बारीक काटे ओळीने नीट लावून ठेवलेले होते.

"खिचडी," काकू म्हणाल्या. "दुसरं काय!"