सात फुटांवरून

फोटो स्टुडिओत सव्वीस वर्षं तिचं काम एकच होतं. समोरच्या माणसाला नीट बसवायचं. मालक कॅमेऱ्यामागे उभे राहत आणि ती माणसाजवळ. कॉलर सरळ करायची, कपाळावरची बट मागे सारायची, दोन बोटांनी हनुवटी उचलायची आणि चटकन बाजूला व्हायचं. गिऱ्हाइकं तिला हनुवटीमावशी म्हणत. शेवटी शेवटी मालकही तेच म्हणू लागले.

घरी ती एकटी. एक खोली, एक खिडकी, दोरीवर वाळणारे एकाच मापाचे कपडे. दिवसभर कोणाला हात लागला नाही, असं फक्त रविवारी होई, आणि रविवार तिला नको वाटे. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

मालकांनी स्टुडिओ बंद केला आणि आठवड्याचे सगळेच वार रविवार झाले.

दोन महिन्यांनी कपड्यांच्या दुकानवालीचा निरोप आला. नवे कपडे घालून मुली उभ्या राहतील, मावशींनी फोटो काढावेत. कॅमेरा मात्र मावशींचा स्वतःचा हवा, आणि सोमवारपासून हवा. तिने हौसेने भावाच्या घरी फोन लावला. वहिनीने सगळं ऐकून घेतलं.

"वन्सं, जन्मभर लोकांच्या माना वर केल्यात. बटण कधी दाबलंत?"

झोंबलं, कारण खरं होतं. पण चेहऱ्यावर उजेड कुठून पडायला हवा, हे तिला मालकांच्या आधी कळत असे. तेवढ्या भरवशावर ती शनिवारी दुपारी कॅमेऱ्याच्या दुकानात गेली.

दुकानदार पन्नाशीचा, काउंटरला पोट टेकवून बोलणारा. त्याने नवशिक्यांचे तीन कॅमेरे मांडले. तिने दोनच गोष्टी विचारल्या. कातडीचा रंग खरा येतो का? तिन्हींत येतो, तो म्हणाला. आणि किती जवळून काढता येतं? ते कॅमेऱ्यावर नसतं, लेन्सवर असतं, असं सांगून त्याने सल्ला दिला की कॅमेरा साधाच घ्या, चेहऱ्यांसाठी ही दुसरी लेन्स वेगळी घ्या. मागचं सगळं धूसर होतं, माणूस उठून दिसतो. तिने किंमत विचारली आणि म्हणाली, हे तर नाकापेक्षा मोती जड.

"नाकाचाच प्रश्न आहे, ताई," तो हसला. "माझाच फोटो काढून बघा."

तो स्टुलावर बसला. कॅमेऱ्यासोबत येणारी लेन्स लावून ती हातभर अंतरावर उभी राहिली, डाव्या हाताने त्याची कॉलर सारखी केली आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याचं नाक बटाट्याएवढं आलं होतं. हा फोटो बायकोला दाखवला तर ती माहेरी जाईल, असं तो म्हणाला.

मग दुसरी लेन्स. "मागे सरा, अजून मागे," असं तो म्हणत राहिला, आणि तिची पाठ फळीला टेकली. चांगलं सात फूट अंतर. चेहरा सुरेख आला, पण हनुवटी गळ्यात बुडलेली. तिने कॅमेरा काउंटरवर ठेवला, चालत गेली आणि दोन बोटांनी ती उचलली. तो जरा दचकला. ती परत येऊन डोळा लावते तोवर हनुवटी पुन्हा खाली. ती पुन्हा गेली. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा तो मऊपणाने म्हणाला, "ताई, तिथूनच सांगा ना. मी करतो."

उंटावरून शेळ्या हाकणं तिला कधी जमलं नव्हतं. तिने विचारलं, चेहराही असाच येईल आणि जवळही उभं राहता येईल, अशी एखादी लेन्स नाही का?

त्याने खरंच विचार केला. "नाही. कुठलीही लावा, जवळ गेलं की नाक मोठं होणारच. चेहरा चांगला हवा तर लांबच राहावं लागतं."

तिने पहिला फोटो पुन्हा बघितला. तो दुकानवालीला दाखवण्यासारखा नव्हता. ती फळीपाशी गेली.

"हनुवटी वर."

आवाज इतका लहान निघाला की त्याला ऐकू गेलं नाही.

"हनुवटी वर," ती पुन्हा म्हणाली. "थोडी डावीकडे. बस्स."

त्याने केली. तिने स्वतः केली असती, अगदी तशीच.

फोटो फार चांगला आला. दुकानदाराने कॅमेरा हातात घेऊन तो बघितला. मग म्हणाला, हा मोठा करून घरात लावतो. तिने कॅमेरा आणि ती लेन्स बांधायला सांगितली आणि उभ्या उभ्या सोमवारची तयारी करू लागली. मुलींना काय काय सांगावं लागेल? खांदा खाली. बट मागे. मान इकडे. एकेक करून सगळं तिने मनात म्हणून बघितलं. सांगून होणार नाही असं त्यात काहीच सापडेना.