चेअरमनच्या घरातली भाकरी

तमाम सोयऱ्याधायऱ्यांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, माझा गळा आणि माझं पोट हे दोघं एकमेकांना सामील होते. हा कट उघडकीस यायला माझं अर्धं तारुण्य गेलं.

दुष्काळात ज्वारी करपली आणि माकणी गावातल्या माझ्या सासरी रेशनचा गहू आला. पुढं पाऊस झाला, सासरे सोसायटीचे चेअरमन झाले, पण चपाती काही गेली नाही. ती आता घराची प्रतिष्ठा झाली होती. मी मात्र वाळत चालले. पोट फुगायचं, केस गळायचे, बसल्या जागी डोळा लागायचा. धाराशिवच्या डॉक्टरांनी गळ्यातल्या थायरॉईडच्या गोळ्या दिल्या. उपयोग शून्य. "हलकं खा," ते म्हणाले. हलकं म्हणजे चपाती! सासूबाई तूप लावून वाढायच्या, मी खायची आणि आणखी वाळायची.

शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा काढून तपासला. म्हणाले, "तुमचं शरीर स्वतःवरच उलटलंय. तिकडं थायरॉईडवर, आणि गहू पोटात गेला की आतड्यावर. हे दोन आजार पुष्कळदा एकाच माणसाला गाठतात. आतडं खराब, म्हणून गोळीही नीट शोषली जात नाही. गहू बंद. कायमचा."

"दुखणं गळ्याचं, अन् शिक्षा गव्हाला?" सासूबाईंनी विचारलं. तरी भाकरी थापू लागल्या. दोन महिने झाले, पोट तसंच! एकदा चुलीपाशी डोकावले, तर ज्वारीच्या पिठात मूठभर कणीक.

"अगं, तेवढीच ताकद!"

मी कपाळावर हात मारला. मग कणीक खरोखर थांबली, आणि मी हळूहळू माणसात आले. गोळीही लागू पडली.

तेवढ्यात माझी आई भेटायला आली. सगळ्यांच्या ताटात पुरणपोळी, माझ्या ताटात भाकरी. आईचा घास हातातच राहिला.

"चेअरमनच्या घरात माझ्याच लेकीला भाकर व्हय? गहू लई महाग झाला का?"

मी आजार समजावू लागले.

"तू गप! सासूच्या भ्यानं बोलतीस," म्हणत तिनं आपली पोळी माझ्या ताटात टाकली. सासूबाईंनी झडप घालून ती उचलली. दारात शेजारणी गोळा झालेल्या. आई ताटावरून उठली.

तेव्हा सासूबाई पोळी हातात धरूनच ओरडल्या, "अवो विहीणबाई, हिनं पोळी खाल्ली तर ही मरती, न्हाय खाल्ली तर गावात मी मरती! सांगा, कुणाला जगवायचं?"