लाल चिंधीची खुंटी

दगडखाणीत त्याला सगळे घण म्हणत. आईबापांनी ठेवलेलं एक चांगलंसं नावही होतं, पण हजेरीला मुकादम ते पुकारी तेव्हा घण स्वतःच इकडेतिकडे बघे, हा कोण बुवा आज गैरहजर आहे म्हणून.

मान हा अवयव त्याला मिळालाच नव्हता. डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं, आणि त्या डोक्यात जे काही सुचे ते तोंडाकडे न येता सरळ मुठींत उतरे. उगाच हॉर्न वाजवला म्हणून त्याने ट्रकड्रायव्हरला ट्रकच्या खिडकीतून बाहेर ओढलं होतं. चहा गार दिला म्हणून चहावाल्याला त्याच्याच बाकड्याखाली बसवलं होतं. एकदा कॉम्प्रेसर सुरू होईना, तेव्हा त्यालाही लाथ घातली. पायाचं बोट मोडलं, पण कॉम्प्रेसर सुरू झाला. तेव्हापासून त्याचं ठाम मत झालं की जगात न ऐकणारं असं काही नसतं, लाथ कुठे बसते एवढाच प्रश्न असतो.

असल्या स्वभावामुळे घण जन्मभर हेल्परच राहिला. मागून आलेले ड्रिलर झाले, एक तर मुकादम झाला. त्यालाच घणने एकदा विचारलं, "मला कधी देणार मशीन?"

"अरे, ड्रिलरला डोकं थंड लागतं," मुकादम म्हणाला. "तुझ्या डोक्यावर आधण ठेवलं तर उकळेल."

घणने त्याला उचलून खाणीतल्या पाण्याच्या डबक्यात टाकलं आणि त्याचं म्हणणं सिद्ध करून दिलं.

हेल्परचं काम दिसायला सोपं. ड्रिलर मशीन उभं धरतो. हेल्पर त्याच्या पुढ्यात उकिडवा बसतो, मशीनचा लांब लोखंडी रॉड दोन्ही हातांनी धरून त्याचं टोक दगडावर ठेवतो आणि त्याला जागा सापडेपर्यंत घट्ट आवळून ठेवतो. मग हात काढायचे. उशिरा काढले तर हात रॉडबरोबर फिरायला जातात आणि परत येत नाहीत. भोक पडलं की हवेच्या नळीने त्यातला भुगा उडवायचा. आणि सुरुंग उडवून झाल्यावर, धूर ओसरला की सुरुंगवाल्याच्या मागोमाग जाऊन खुंट्या ठोकायच्या.

या खुंटीचा मान मोठा. एखादा सुरुंग फसतो, पेटतच नाही, आणि दारू भोकात तशीच जिवंत राहते. तिथे लाल चिंधी बांधलेली लाकडी खुंटी ठोकतात. सुरुंगवाला स्वतः ती काढेपर्यंत तिच्या आसपास माणूस फिरकत नाही, मशीन तर नाहीच नाही. ज्या जुन्या भोकावर खुंटी नाही ते मेलेलं. अशा मेलेल्या भोकाच्या उरलेल्या खळग्यात रॉडचं टोक ठेवायची सगळ्याच ड्रिलरांना सवय, कारण तिथे टोक घसरत नाही. हे नियमात बसत नव्हतं, पण खाणीतलं निम्मं काम नियमात बसत नव्हतं.

घण ज्याचा हेल्पर होता तो ड्रिलर म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बारीक, नीटनेटका माणूस. दिवसभर धूळ खाऊनही घरी जाताना केस विंचरणारा. कुणाशी चढ्या आवाजात बोलायचा नाही. मशीनला तेल घालायचा ते आजाऱ्याला औषध पाजावं तसं. आणि खुंटीला तो जितका घाबरे तितकं खाणीत दुसरं कुणी घाबरत नसेल. त्याचा पहिला हेल्पर फसलेल्या सुरुंगात गेला होता. जे उरलं ते घमेल्यातून वर आणलं होतं, आणि घमेलं धरणारा हाच होता. तेव्हापासून जेवायला जातानाही तो खुंटीला एवढा मोठा वळसा घाली की त्याचा डबा गार होऊन जाई. घणने ठोकलेल्या खुंट्यांवर मात्र त्याचा डोळे मिटून विश्वास. मेहुणा बाकी कसाही असो, खुंटीला चुकत नाही.

असा हा जपून पाऊल टाकणारा माणूस घरी गेला की बायकोला मारी.

ताईने घणला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा ताईला स्वतःची वेणीही धड घालता येत नव्हती, पण हा धाकटा गोळा तिने पोसला, धुतला, आणि पळीने भरपूर बडवला. साऱ्या जगात घणला मारायची मुभा असलेली ती एकटीच. तिच्या नवऱ्याचा हात पहिल्यांदा तिच्यावर उठला तेव्हा घणच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने भाऊजींना गल्लीत धरून असं धुतलं की त्यांना आठवडाभर कंगवा धरवेना. आठवडा संपला आणि भाऊजींनी तेवढाच मार, थोडा वर घालून, ताईच्या पाठीवर उतरवला. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग ताईनेच भावाचे हात धरले.

"तू त्यांना मारलंस की ते मला मारतात," ती म्हणाली. "तुझा हिशेब माझ्या अंगावर फिटतो रे. राहू दे."

म्हणजे घणच्या आयुष्यातला एकुलता एक इलाज बाद झाला. सबंध खाण ज्या मुठींना टरकत होती त्या तो खिशात घालून भाऊजींच्या पुढ्यात बसू लागला. रॉड धरू लागला. एकच वाक्य तो अधूनमधून म्हणे, तेही अदबीने, कारण बहिणीच्या नवऱ्याला अरेतुरे करायची त्याची जीभच नव्हती.

"भाऊजी, पुन्हा ताईला हात लावलात तर तुम्हाला जिवंत ठेवणार नाही हं."

"बरं," भाऊजी म्हणत आणि मशीनला तेल घालत.

एके दिवशी सकाळी घण नेहमीसारखा कामाला जाताना ताईच्या दारात डोकावला. ताई चुलीपाशी बसली होती. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला. उजवा हात मनगटाच्या वर जिथे सरळ असायला हवा तिथे त्याला कोपरा आला होता.

"पडले," ती म्हणाली.

"कुठे?"

"घरातच."

"घरात काय दरड कोसळली?"

भिंतीला लाटणं टेकवून ठेवलं होतं, मधोमध चिरलेलं. घणने ते बघितलं. मग बहिणीला लहान मुलीसारखं उचललं, दवाखान्यात नेलं, हात प्लास्टरमध्ये घालून घेतला, आपल्या घरी बायकोपाशी आणून बसवलं आणि खाणीचा रस्ता धरला. वाटेत चहावाल्याने हाक मारली, कुत्रं भुंकलं, ट्रकवाल्याने हॉर्न दिला. घणने कुणालाच मारलं नाही. चहावाला घाबरून आत गेला.

त्याला मुठींशिवायचा उपाय सापडला होता. आदल्या संध्याकाळी, भाऊजी घरी गेल्यावर, त्याने स्वतः एका फसलेल्या भोकावर खुंटी ठोकली होती. सुरुंगवाला अजून आला नव्हता. भाऊजी मशीनपाशी वाकलेले. घण त्या भोकाशी गेला, खुंटी हलवून हलवून उपटली, कमरेला खोचली आणि वर सदरा ओढला. आता ते भोक इतर मेलेल्या भोकांसारखंच दिसत होतं.

भाऊजी आले. दगडावरून नजर फिरवली. कापूस पिंजून दोन्ही कानांत घातला. खुंटी कुठेच नाही, आणि हे भोक कसं छान, कडेला, हाताशी. त्यांनी मशीन तिथेच उभं केलं.

"चल," ते म्हणाले.

आणि घण गेला. चल म्हटल्यावर जायचं, पुढ्यात उकिडवं बसायचं, रॉड धरायचा. इतकी वर्षं तेच केलेलं. त्याचे हात आपण होऊन पुढे झाले, रॉडचं टोक भोकाच्या तोंडावर अचूक बसलं, बोटं आवळली गेली, आणि मग कुठे घणच्या लक्षात आलं की भोकाच्या सगळ्यांत जवळ भाऊजींचं नाही, आपलं डोकं आहे.

खुनाचे बेत जगात पुष्कळांनी शिजवले असतील. पण बेत शिजवून पुन्हा स्वतःच पातेल्यात बसणारा हा एकटाच.

तो उठला. "पोटात कळ आलीय," त्याने पोट धरून दाखवलं.

भाऊजी वैतागले. मुकादमाने वरून पाहिलं आणि दुसऱ्या हेल्परला हात केला. हा दुसरा हेल्पर नुकताच बाप झालेला. चार दिवसांपासून येईल त्याला पोरीच्या नाकाचं वर्णन ऐकवत होता. तो अर्धा चहा ठेवून, तोंड पुसत, हसत हसत खाली उतरू लागला.

"राहू दे!" घण ओरडला. "गेली कळ."

तो पुन्हा बसला. रॉड धरला. त्याने डोकं वर करून भाऊजींकडे पाहिलं. केस विंचरलेले, चेहरा शांत. जणू घरात लाटणं नाही, हात नाही, काही झालंच नाही. क्षणभर घणला वाटलं, होऊ दे. दोघेही जाऊ. ताई सुटेल. मग त्याला घमेलं आठवलं. आपलं काय उरलंय ते कुणीतरी घमेल्यातून ताईपुढे नेऊन ठेवील, आणि ती एका हाताने घमेल्याची कड धरील.

भाऊजींनी मशीनची चावी फिरवली.

"भाऊजी, थांबा!" घण ओरडला. कापसातून काय जाणार? "थांबा म्हणतो ना! ए! ए भडव्या, थांब!"

भाऊजींना आयुष्यात केलेलं पहिलं अरेतुरे असं वाया गेलं. रॉडने दगडाचा पहिला घास घेतला. घणने दोन्ही हातांनी रॉड बाजूला ओढला आणि त्यावर लाथ घातली. टोक भोकातून उसळलं, दगडावर ठिणग्या काढत घसरलं, आणि फिरत्या रॉडने घणच्या सदऱ्याची बाही पकडली. बाहीमागून हात गेला. ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. तो आवाज मशीनच्या आवाजातही घणला स्वच्छ ऐकू आला. कोपराखाली हाड कातडी फाडून बाहेर डोकावलं. मशीन कलंडलं ते भाऊजींच्या पायावर, आणि चावी सुटून बंद पडलं.

एकदम शांतता. घण उताणा पडला होता आणि त्याच्या रक्ताने दगडाची पांढरी पूड लाल चिखल होत होती. सदरा फाटला होता. कमरेची खुंटी निसटून लाल चिंधीसकट शेजारी पडली होती.

भाऊजींनी खुंटी पाहिली. मग भोक पाहिलं. लंगडत जाऊन, पालथं पडून, एक डोळा मिटून त्यांनी भोकात बघितलं. ते परत बसले तेव्हा त्यांच्या तोंडावरची धूळ कुठली आणि तोंड कुठलं ते कळत नव्हतं.

"हे... माझ्यासाठी?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठीच, भाऊजी," घण म्हणाला. खोटं बोलायची ताकद नव्हती.

भाऊजींनी मशीनशेजारचा पाना उचलला. त्यांनी घणला मारलं ते छातीवर, खांद्यावर, मोडक्या हातावर, मिळेल तिथे. ओरडत नव्हते, फक्त मारत होते. खाणीने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. ताई मात्र रोज पाहत असणार, एवढंच घणच्या मनात आलं. त्याचा एक हात धड होता. त्या हाताची मूठ वळली सुद्धा. पण ती त्याने उचलली नाही. उचलली तर तिची वसुली कुणाकडून होते ते त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या हेल्परने आणि मुकादमाने मिळून भाऊजींना ओढलं. मुकादमाचा एक दात त्यात कामी आला. त्या भोकावर दुसरी खुंटी ठोकली गेली, आणि उपटलेली घणने धड हाताने पुन्हा कमरेला खोचली.

दवाखान्यात सकाळचाच प्लास्टरवाला होता. त्याने घणकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं.

"आता घरात अजून किती हात शिल्लक आहेत?" त्याने विचारलं.

संध्याकाळी घण घरी आला. ताई आणि तो, दोन प्लास्टरं समोरासमोर बसली. घण पाणी प्यायला आणि त्याने सगळं सांगितलं, खुंटी उपटली तिथपासून. ताईने शेवटपर्यंत ऐकलं. मग डाव्या हाताने त्याच्या थोबाडीत दिली. मग आणखी एक.

"मेला असतास तर मी कुणाला मारणार होते रे?" ती म्हणाली आणि घळाघळा रडली. घणची बायकोही रडली. घण रडला नाही, कारण जबडा हलवला की दुखत होतं.

रडून झाल्यावर ताईने डोळे पुसले. "खुंटी कुठंय?"

"आहे. का?"

खुंटी बगलेत मारून ती हातोडी घेऊन दाराबाहेर गेली. घणची बायको मागोमाग गेली आणि उंबऱ्यासमोरच्या मातीत तिने दोन्ही हातांनी खुंटी उभी धरली. ताई डाव्या हाताने ठोकू लागली. तीन घाव खुंटीवर आणि एक वहिनीच्या अंगठ्यावर, असं काम चाललं.

"हेल्परने हात वेळेवर काढावा," घण आतून म्हणाला.

"तुम्ही गप बसा!" त्याची बायको अंगठा चोखत म्हणाली. "तुम्ही काढलात तो दिसतोय!"

भाऊजी आले ते अजून उजेड असताना. गल्लीतले लोक उंबऱ्यांवर होते आणि निम्मे खाणीतलेच होते. भाऊजी पायाला फडकं बांधून लंगडत होते, पण केस विंचरलेले होते. बायकोला न्यायला आले होते. हात मघाशी पाना धरणाराच, आता कमरेच्या पट्ट्याशी चाळा करणारा.

"चल," ते म्हणाले. घणला म्हणत तसंच.

ताई दारात उभी होती, प्लास्टरचा हात गळ्यात. ती जागची हलली नाही. भाऊजींनी पाऊल उचललं आणि मग त्यांना खुंटी दिसली. मातीत खोल, थोडी तिरकी, लाल चिंधी वाऱ्यावर फडफडत.

उचललेलं पाऊल खाली येईना.

"ही काय थट्टा आहे?" ते म्हणाले.

गल्लीत कुणी हसलं नाही. खाणीतलं कुणीच अशावर हसत नाही. दुसरा हेल्पर पोरीला खांद्यावर घेऊन उभा होता, तो तिला घेऊन दोन पावलं मागे सरकला.

"लांबून जा," ताई म्हणाली. इतकी वर्षं अहोजाहो केलेल्या बाईचा आवाज जराही कापला नाही. "आत जिवंत आहे."

भाऊजींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. वळसा घालायला गल्लीत जागा नव्हती. मातीतली ती साधी लाकडाची खुंटी, एका लाथेने निघाली असती. पण ती लाथ घालायला जवळ जावं लागतं, आणि त्यांचे पाय काही केल्या जाईनात. ते उभे राहिले, मग मागे सरकले, मग वळले.

ताई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. तिचा डावा हात अजून हातोडीवर घट्ट होता.

तेवढ्यात आतून घणने सवयीने आवाज दिला, "भाऊजी, सांभाळून हं. पुढे गटार उघडं आहे."

ताईने वळून भावाकडे असं पाहिलं की घणने धड हात आधी डोक्यावर घेतला.